सुकवणं वेगळं, कोरडं राखणं वेगळं: दमट हवेतल्या लॅबमध्ये ओव्हन आणि डेसिकेटर कसा वापरायचा

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा कोकणात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ग्रॅव्हिमेट्रीचं, म्हणजे वजनावरून पदार्थाचं प्रमाण काढायचं, प्रॅक्टिकल लागलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘सर, वजन स्थिरच होत नाहीये.’ क्रूसिबल (पदार्थ तापवायची छोटी मूस) दोन-तीनदा तापवून झालेलं असतं, बॅलन्स, म्हणजे वजनाचा काटा, ठीक असतो, तरी दर वेळी चौथ्या दशांश स्थानावर, कधी तिसऱ्यावरही, आकडा हलतो. यात ओव्हनचा दोष क्वचितच असतो. पदार्थ बिघडतो तो ओव्हनमधून बॅलन्सपर्यंत जाताना, म्हणजे डेसिकेटरमध्ये (तळाशी ओलावा शोषणारा पदार्थ असलेल्या, झाकणाच्या हवाबंद काचेच्या भांड्यात) आणि त्याच्या आगेमागे.

डेसिकेटर हे मुख्यतः सुकवायचं उपकरण नाही. सुकलेला पदार्थ थंड होईपर्यंत कोरडा राखणं हे त्याचं काम. ओला साका (द्रावणातून खाली बसलेला घन पदार्थ) डेसिकेटरमध्ये ठेवून ‘उद्यापर्यंत सुकेल’ असं म्हणणारे विद्यार्थी खूप भेटतात. साध्या, निर्वात नसलेल्या डेसिकेटरमध्ये तो उद्या सुकत नाही, परवाही धड सुकत नाही. उलट आतलं सिलिका जेल त्याच्या पाण्याने भरून जातं आणि शेजारी ठेवलेला दुसऱ्याचा कोरडा नमुना त्याच हवेत सादळतो.

हवेत पाणी किती असतं

३० अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. मुंबईत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्के धरली तर घनमीटरला २४ ग्रॅम. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर हाच आकडा ११ ग्रॅमच्या आसपास येतो. एकच पुस्तक आणि एकच पद्धत वापरूनही दोन गावांत दोन अनुभव येतात ते यामुळे.

मोठ्या डेसिकेटरमध्ये दहा लिटर हवा धरली, तर झाकण पूर्ण काढून ठेवल्यावर आत शिरणाऱ्या मुंबईच्या हवेबरोबर सुमारे पाव ग्रॅम पाणी आत येतं. आपण वजन करतो मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. सिलिका जेल ते पाणी शोषून घेईल, पण त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आत बसलेला आपला नमुनाही ते घेत असतो. म्हणून झाकण उघडायचं ते लागेल तेवढंच, लागेल तेवढाच वेळ.

आधी डेसिकेटर तयार करा

सत्राच्या सुरुवातीला हे काम एकदा नीट केलं की पुढचे महिने त्रास वाचतो. झाकणाच्या आणि भांड्याच्या घासलेल्या काठावरचं जुनं ग्रीस टिश्यूने पुसून काढा. उरलेलं पेट्रोलियम ईथरमध्ये भिजवलेल्या कापसाने काढा, अर्थात बर्नर बंद असताना. जुन्या ग्रीसमध्ये काचेची कच आणि धूळ रुतलेली असते, त्यावरच नवा थर चढवला की काठाला चरे पडतात. चरा पडलेला काठ पुन्हा हवाबंद होत नाही.

आता झाकणाच्या काठावर ग्रीसचा पातळ थर लावा, झाकण बसवा आणि दाबून थोडं डावी-उजवीकडे फिरवा. काठाची दुधी काच सगळीकडून पारदर्शक दिसली पाहिजे. पांढरट पट्टा किंवा रेघ राहिली असेल, तर तिथून हवा जाते. ग्रीस जास्त झालं तर ते आत ओघळतं आणि झाकण इतकं सरकतं की डेसिकेटर उचलताना निसटून पडतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात व्हॅसलीन पातळ होतं, तिथे सिलिकॉन ग्रीस वापरलेलं बरं. कोकणात, आणि विशेषतः जिथे काच रोज पुसावी लागते तिथे, व्हॅसलीन चालतं. ते साफ करायला सोपं, सिलिकॉन काचेला चिकटून बसतं.

तळाशी शोषक भरताना चाळणीच्या, म्हणजे छिद्रांच्या चिनी मातीच्या तबकडीच्या, बऱ्याच खाली थांबा. दाणे तबकडीला लागले तर त्यांची भुकटी क्रूसिबलच्या बुडाला चिकटते आणि तिचंही वजन होतं. सिलिका जेल ओतल्यावर तबकडी ओल्या फडक्याने न पुसता कोरड्या ब्रशने झाडा.

शोषक कोणतं

रोजच्या कामाला सिलिका जेल. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं. कोरडं असताना निळं, ओलं झालं की गुलाबी. हा रंग सापेक्ष आर्द्रता साधारण २० ते ४० टक्के होईपर्यंत बदलत जातो, म्हणजे जेल पूर्ण गुलाबी दिसतं तेव्हा आतली हवा कधीच कोरडी राहिलेली नसते. निळा रंग फिका पडून जांभळट झाला की त्याच दिवशी जेल बदलायचं, सोमवारची वाट पाहायची नाही. कोबाल्ट क्लोराइडची धूळ श्वासातून गेली तर कर्करोगाचा धोका असतो, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी नारिंगी जेल आणतात. त्यातल्या काही प्रकारांचा रंग ओलाव्याने हिरवा होतो, काहींचा उडून जातो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या, आणि डेसिकेटरवर ‘कोरडा रंग अमुक, ओला रंग तमुक’ अशी चिठ्ठी बाहेरून लावा.

जेल पुन्हा वापरायचं तर ट्रेमध्ये पातळ पसरून ११० ते १२० अंशांवर काही तास ठेवा. फार तापवलं तर रंगद्रव्य जळतं आणि पुढे जेल ओलं की कोरडं ते कळत नाही. तापवण्याआधी आणि नंतर ट्रेचं वजन करण्याची सवय चांगली, कारण पाणी खरंच गेलं की नाही हे रंगापेक्षा वजन नेमकं सांगतं. गरम जेल तसंच उघड्यावर थंड होऊ देऊ नका, झाकणाच्या डब्यात किंवा थेट डेसिकेटरमध्ये, झाकण किंचित उघडं ठेवून थंड करा.

निर्जल कॅल्शियम क्लोराइड स्वस्त आहे, पण सिलिका जेलइतकं कोरडं करत नाही, आणि अमोनिया, अमाइन व अल्कोहोलशी संयोग पावतं. म्हणून अमाइन सुकवायला ते नको. तीव्र सल्फ्युरिक आम्ल जास्त कोरडं करतं, पण ते असलेला डेसिकेटर उचलून नेणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. तो जागेवरच राहिला पाहिजे. फॉस्फरस पेंटॉक्साइड सर्वांत प्रभावी. मात्र त्याच्या पृष्ठभागावर काचेसारखी साय धरते आणि खालचं पेंटॉक्साइड तसंच पडून राहतं, म्हणून ते अधूनमधून हलवावं किंवा काचेच्या लोकरीवर पसरावं. वापरलेलं पेंटॉक्साइड पाण्यात टाकू नका, पाण्याशी ते जोरात भडकतं. मॅग्नेशियम परक्लोरेट उत्तम शोषक आहे, पण सेंद्रिय वाफांबरोबर त्याच्या स्फोटाचा धोका असल्याने बीएस्सी-एमएस्सीच्या लॅबमध्ये ते नसलेलंच बरं.

ओव्हन: आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

डिस्प्लेवर ११० दिसतं म्हणून आत सगळीकडे ११० असतं असं नाही. पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये वरचा आणि खालचा कप्पा, पुढची आणि मागची बाजू यांत बऱ्यापैकी फरक असतो. वरच्या छिद्रातून थर्मामीटर सोडून प्रत्येक कप्प्याचं तापमान एकदा मोजा, कागदावर लिहा आणि तो कागद ओव्हनच्या दारावर चिकटवा. तळाच्या पत्र्यावर, थेट हीटरच्या वर, नमुना कधीच ठेवू नका.

नमुना सुकत असताना वरची झडप उघडी हवी. वाफ बाहेर जायलाच जागा नसेल, तर ओव्हन म्हणजे गरम, दमट पेटी. आणि एक नियम लॅबमध्ये सर्वांना पाळायला लावा: कुणाचा नमुना सुकत असताना त्याच ओव्हनमध्ये धुतलेली ओली काचेची भांडी सरकवायची नाहीत. वेळ मोजायची ती दार बंद केल्यापासून नाही, तापमान पुन्हा ठरलेल्या आकड्यावर आल्यापासून.

ॲसिटोनने खळबळून काढलेलं भांडं तसंच ओव्हनमध्ये घालणं धोक्याचं आहे. वाफ साचते, हीटरच्या संपर्कात येते, आग लागते. आधी फ्यूम हूडमध्ये ॲसिटोन पूर्ण उडून जाऊ द्या. टेफ्लॉनचे स्टॉपकॉक आणि बुचं काढून ठेवा, ब्यूरेट, पिपेट आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क तापवून सुकवू नका. त्यांना सुकवायची गरजही सहसा नसते, वापरायच्या द्रावणाने खळबळून घेतलं की ब्यूरेट-पिपेटचं काम भागतं.

कोणता पदार्थ किती तापवायचा

प्रमाण द्रावणं, म्हणजे नेमकी तीव्रता माहीत असलेली द्रावणं, करणाऱ्यांचा इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ११० ते १२० अंशांवर दोन तास पुरे. पोटॅशियम डायक्रोमेटला १४० ते १५० अंश. सोडियम कार्बोनेटला मात्र ११० अंशांचा उपयोग नाही. ते २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान तासभर तापवावं लागतं, कारण त्यात पाण्याबरोबर थोडं बायकार्बोनेटही असतं आणि त्याचंही कार्बोनेट व्हायला हवं. साधा ओव्हन तिथपर्यंत जात नसेल तर मफल भट्टी वापरा, पण ३०० अंशांच्या वर चढू देऊ नका.

उलट बाजूला असे पदार्थ आहेत ज्यांना तापवायचंच नाही, कारण त्यांच्या सूत्रातच पाणी आहे. ऑक्झॅलिक आम्ल डायहायड्रेट ओव्हनमध्ये ठेवलंत तर स्फटिकजल निघून जातं, आणि १२६ ग्रॅमचा मोल धरून केलेलं गणित चुकतं. मोहर क्षार (फेरस अमोनियम सल्फेट) आणि मोरचूद यांचंही तेच. ऑक्झॅलिक आम्ल तीव्र शोषकावरच्या डेसिकेटरमध्येही ठेवू नये, तिथेही पाणी हळूहळू सुटतं. ईडीटीएचा डायसोडियम क्षार ८० अंशांवर सुकवला तर दोन स्फटिकजल टिकतात आणि वरचा ओलावा जातो. बोरॅक्सची सोय आणखी निराळी. दहा पाण्याचे रेणू कायम राहावेत म्हणून तो मीठ आणि साखर या दोन्हींनी संपृक्त केलेल्या द्रावणावर ठेवतात. त्या डेसिकेटरमध्ये आर्द्रता साधारण ६० टक्के राहते, म्हणजे तो कोरडा नसतो, ठरावीक दमट असतो. त्याला वेगळी खूण करून वेगळ्या कपाटात ठेवा, नाहीतर कुणीतरी त्यात आपलं क्रूसिबल ठेवून मोकळं होईल.

वजन स्थिर करणं: पायरीपायरीने

१. नमुना वेइंग बॉटलमध्ये (वजन करायच्या झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत) पसरा, थर पातळ ठेवा. बॉटल बीकरमध्ये ठेवून तिचं झाकण काढून बाजूला, त्याच बीकरमध्ये टेकवा. बीकरवर काचेचे हुक अडकवून त्यांवर वॉच ग्लास ठेवा, म्हणजे हवा खेळते आणि वरून काही पडत नाही. नाव पेन्सिलने बीकरच्या दुधी खुणेवर लिहा. कागदी लेबल ओव्हनमध्ये करपतं.

२. ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवा. बाहेर काढताना चिमटा वापरा. इथून पुढे बॉटलला आणि क्रूसिबलला बोटं लावायची नाहीत, घामाचा ठसासुद्धा बॅलन्सला दिसतो.

३. ओव्हनमधली बॉटल लगेच डेसिकेटरमध्ये जाऊ शकते. बर्नरवर किंवा मफलमध्ये लाल झालेलं क्रूसिबल मात्र आधी मातीच्या त्रिकोणावर मिनिटभर, लाली पूर्ण जाईपर्यंत ठेवा. तसंच आत ठेवलं तर तबकडी तडकते.

४. गरम वस्तू ठेवल्यावर झाकण अर्धा मिनिट बोटभर उघडं ठेवा, मग सरकवून बंद करा. आतली हवा तापून फुगते. झाकण तत्काळ बंद केलं तर ते उचललं जाऊन घसरतं. नंतर हवा थंड होऊन आकसली की आत निर्वात पोकळी तयार होते, झाकण उघडताना हवा जोरात आत घुसते आणि क्रूसिबलमधली हलकी राख उडते. बेरियम सल्फेटच्या प्रयोगात उत्तर कमी येण्याचं हे एक नेहमीचं कारण.

५. थंड व्हायला वेळ द्या: वेइंग बॉटलला साधारण अर्धा तास, चिनी मातीच्या क्रूसिबलला पाऊण तासापर्यंत, तीन-चार क्रूसिबल एकत्र असतील तर त्याहून जास्त. आज वीस मिनिटं आणि उद्या पन्नास, असं करू नका. दर वेळी तेवढाच वेळ हवा. कोमट क्रूसिबलभोवतीची हवा वर चढते आणि पॅनला वर ढकलते, म्हणून वजन कमी भरतं.

६. डेसिकेटर बॅलन्सच्या शेजारी न्या. उचलताना दोन्ही अंगठे झाकणावर, बोटं काठाखाली. झाकण उभं उचलायचं नाही, आडवं सरकवायचं. बाजूला ठेवताना ग्रीसची बाजू वर.

७. वेइंग बॉटलचं झाकण आतच लावा, मग कागदाच्या पट्टीने धरून बॅलन्सवर ठेवा. बॅलन्सचं दार बंद करून आकडा स्थिर झाला की लगेच लिहा.

८. पुन्हा तापवा, यावेळी कमी वेळ, तेवढाच वेळ थंड करा, पुन्हा वजन करा. लागोपाठच्या दोन वजनांत ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक नसेल तर वजन स्थिर झालं. औषधांच्या तपासणीत भारतीय औषधकोशाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे.

सातव्या पायरीवर आकडा स्थिर न होता सावकाश वाढत राहिला, तर नमुना तुमच्या डोळ्यांसमोर ओलावा घेतोय. भाजलेला पापड पावसाळ्यात वाढेपर्यंत मऊ पडतो, तसंच. अशा वेळी मनाने एखादा मधला आकडा धरू नका, झाकणाची बॉटल वापरा. आकडा सतत कमी होत असेल तर पाणी किंवा द्रावक अजून जातंय. थंड वस्तूचं वजन हळूहळू वाढत गेलं तरी आधी ती खरंच थंड आहे का ते पाहा, कारण कोमट वस्तू थंड होतानाही आकडा चढतो.

वजन करतानाचा हा शेवटचा क्षण किती नाजूक असतो हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थिओडोर रिचर्ड्स यांच्या कामावरून कळतं. अणुभार अचूक मोजल्याबद्दल त्यांना १९१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तापवलेला क्षार बाहेरच्या हवेत न आणता, कोरड्या वायूच्या प्रवाहातच वेइंग बॉटलमध्ये सरकवून झाकण लावता यावं, असं उपकरण त्यांनी खास बनवून घेतलं होतं.

व्हॅक्यूम डेसिकेटर

पुनर्स्फटिकीकरण केलेले, उष्णतेने वितळणारे किंवा बिघडणारे पदार्थ इथे सुकवायचे. हा खरोखर सुकवतो, कारण दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उडतं. ५० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ९२ मिलिमीटर पारा असतो, म्हणजे त्याहून कमी दाबाच्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ५० अंशांवरच पाणी उकळतं.

स्फटिक आधी बुखनर फनेलवर चांगले दाबून ओढून घ्या, मग फिल्टर पेपरांमध्ये दाबा. डेसिकेटरमध्ये वॉच ग्लासवर पसरून वर छिद्रं पाडलेला फिल्टर पेपर बांधा. शोषक द्रावक पाहून निवडा: पाण्याला सिलिका जेल किंवा पेंटॉक्साइड, ॲसेटिक आम्लाच्या वाफेला कॉस्टिकचे खडे, पेट्रोलियम ईथर किंवा हेक्झेनला मेणाच्या कापट्या. पंप हळूहळू सुरू करा, दाब उतरला की आधी स्टॉपकॉक बंद करा आणि मगच पंप. उलट केलंत तर पंपाचं पाणी किंवा तेल आत ओढलं जातं. हवा आत सोडताना ती कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून आणि अगदी थेंबाथेंबाने, नाहीतर तासाभराचं काम दोन सेकंदांत उडतं. आत निर्वात असताना भांडं जाळीत किंवा चिकटपट्टीत गुंडाळलेलं हवं, डोळ्यांवर गॉगल हवा, आणि ते जागेवरून हलवायचं नाही. तडा असलेला डेसिकेटर व्हॅक्यूमला वापरू नका, कितीही महाग असला तरी.

नळाच्या पाण्यावर चालणारा ॲस्पिरेटर (पाण्याच्या धारेने हवा ओढणारा पंप) वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ॲस्पिरेटर पाण्याच्या बाष्पदाबाच्या खाली जाऊ शकत नाही. १५ अंशांच्या पाण्याने १३ मिलिमीटर मिळतात, मुंबईच्या ३० अंशांच्या पाण्याने ३२ च्या खाली काही केल्या जाता येत नाही. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांतले दाबाचे आकडे आपल्याकडे म्हणूनच येत नाहीत. बर्फाचं पाणी फिरवा किंवा ऑइल पंप घ्या. ऑइल पंप घेतला तर मध्ये कोल्ड ट्रॅप, म्हणजे वाफा थंड करून अडवणारा सापळा, हवाच.

नमुना सुकला की नाही याची खात्री वितळणबिंदूने करा. ओला पदार्थ आधी मऊ पडतो आणि बऱ्याच अंशांच्या टप्प्यात वितळतो. बेंझॉइक आम्ल नेमकं १२२ अंशांच्या आसपास, एक-दोन अंशांच्या आत वितळलं पाहिजे. पाण्याचं नेमकं प्रमाणच हवं असेल तर कार्ल फिशर टायट्रेशन.

फ्रीजमधली बाटली

मुंबईत पावसाळ्यात हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते तापमान, २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे फ्रीजमधून काढलेली चार अंशांची बाटली उघडताच हवेतलं पाणी आतल्या पावडरीवर जमतं, महिनाभर सिलिका जेलमध्ये ठेवून काही उपयोग होत नाही. बाटली बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, छोट्या बाटलीला अर्धा तास, मोठीला जास्त. वरचं दव पुसून मगच झाकण उघडा. वारंवार लागणारा महागडा पदार्थ असेल तर तो आणल्या दिवशीच लहान लहान बाटल्यांत वाटून ठेवा, म्हणजे मोठी बाटली रोज उघडावी लागत नाही.

झाकण अडकलं तर

ठोकू नका, सुरी घालून वर उचकटू नका. व्हॅक्यूम डेसिकेटर असेल तर आधी स्टॉपकॉक उघडा, आतला दाब बाहेरच्याइतका होऊ द्या. मग हेअर ड्रायरने काठ सगळीकडून सारखा, हळूहळू कोमट करा, ग्रीस मऊ पडतं. एकाने भांडं छातीशी धरायचं, दुसऱ्याने झाकण आडवं सरकवायचं, दोघांच्याही हातात जाड हातमोजे. तरी सुटलं नाही तर तसंच ठेवून द्या, थोड्या वेळाने काठ पुन्हा कोमट करून प्रयत्न करा. उघडल्यावर ग्रीस पूर्ण पुसून नव्याने लावल्याशिवाय त्या डेसिकेटरमध्ये काहीही ठेवू नका.